घाटातले सहा तास

रात्री पावणेबाराला फोन आला तेव्हा मी पॅकहाऊसच्या ऑफिसात शिपिंग बिलाच्या प्रती फाइलला लावत होते.

"ताई, खाली घाटात ट्रेलर आडवा झालाय. लोखंडाच्या कॉइल होत्या म्हणे. आम्हाला वरच थांबवलंय. इगतपुरी सोडून जेमतेम दोन-तीन किलोमीटर आलो असेन."

मी घड्याळाकडे पाहिलं. न्हावा शेवा बंदराचं गेट कट-ऑफ, म्हणजे कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, सकाळी नऊ होती. कसारा घाट उतरायचा, शहापूर, पडघा, भिवंडी, कल्याणफाटा, कळंबोली आणि मग बंदर. रस्ता मोकळा असला तर तिथून साडेचार तास. म्हणजे दोन तास थांबलं तरी चालण्यासारखं होतं. मी ड्रायव्हर काकांना तसं सांगितलं आणि जेनसेटवर, म्हणजे कंटेनर थंड ठेवणाऱ्या जनरेटरवर, लक्ष ठेवा म्हटलं. ते म्हणाले, "चालूय, ऐका आवाज." फोन त्यांनी मागे धरला. त्या घरघरीनं मला बरं वाटलं.

ही मार्च 2024 मधली गोष्ट. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये मी द्राक्ष एक्सपोर्टची कागदपत्रं आणि डिस्पॅच बघते. पॅकहाऊस शेतकऱ्यांच्या गटाचं आहे. आम्ही बागेवर ठोक दर ठरवून माल उचलत नाही. युरोपातून हिशेब आला की खर्च वजा करून उरलेली रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर जाते. त्यामुळे रस्त्यावर, बंदरावर, बोटीवर जे काही होईल ते शेवटी बागेच्या मालकाच्या पदरात पडतं. हे मला माहीत होतं, पण त्या रात्रीपर्यंत ते माझ्यासाठी हिशेबाच्या वहीतलं वाक्य होतं.

कंटेनरमध्ये पाच बागांचा माल होता, सगळा कादवाकाठचा. मोठा वाटा नानांचा. नाना गटातले जुने बागायतदार. 1991 साली महाग्रेप्स ही बागायतदारांची निर्यात संस्था उभी राहिली, नाशिक-सांगलीची द्राक्षं युरोपला जायला लागली, तेव्हापासून ते एक्सपोर्टच्या मागे आहेत. साडेतीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं. सप्टेंबर-ऑक्टोबरची छाटणी, विरळणी, घडाघडाला कात्री, मण्याची फुगवण, औषधांच्या फवारणीची नोंद, औषधाच्या उरलेल्या अंशाचा म्हणजे रेसिड्यूचा रिपोर्ट, ग्रेपनेट या एक्सपोर्टच्या सरकारी प्रणालीवर प्लॉटची नोंदणी. एक घड युरोपच्या दुकानात ठेवण्यालायक करायला माणूस पाच-सहा महिने त्याच्यामागे असतो. पेठ-सुरगाण्याकडची टोळी पहाटे बागेत उतरते. ऊन चढायच्या आत तोड, क्रेटमध्ये एकाच थरात घड. पॅकहाऊसमध्ये बायका हातमोजे घालून एकेक घड तपासतात, खराब मणी कात्रीनं काढतात, पनेट म्हणजे प्लॅस्टिकचे छोटे डबे भरतात. वर बुरशी रोखणारा सल्फरचा पॅड ठेवून पेटी बंद करायची आणि प्रीकूलिंगला लावायची. मण्याच्या पोटातलं तापमान शून्याजवळ आलं की मगच कंटेनर भरायचा. सेट पॉइंट, म्हणजे कंटेनरला लावून दिलेलं तापमान, उणे अर्धा अंश. तिथून रॉटरडॅमच्या गोदामापर्यंत हा आकडा हलू द्यायचा नाही, एवढंच आमचं काम.

त्या साली ते जास्तच अवघड होतं. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले होते आणि 2023 संपता संपता बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या होत्या. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी वाढला. आधी जो माल चौथ्या आठवड्यात उतरायचा, तो आता सहाव्या आठवड्यात उतरत होता. द्राक्षाचं आयुष्य काही वाढलं नव्हतं. तेवढाच देठ, तेवढाच पॅड. समुद्रावर आमची सगळी शिल्लक खर्च होत होती, म्हणून जमिनीवरचा एकेक तास मोलाचा झाला होता.

एक वाजला, गाडी जागची हलली नव्हती. दीडला काकांचा फोन आला.

"ताई, जेनसेट बंद पडला."

गाडी उतारावर नाक खाली करून उभी होती. टाकीत डिझेल होतं, पण थोडं. उतारामुळे ते एका बाजूला सरकलं आणि लाइननं एअर घेतली. पिंपळगावहून निघताना टाकी का भरली नव्हती? कारण रिकामा कंटेनर यार्डातून आला तेव्हापासून जेनसेट चालू होता आणि आमच्या हिशेबानं सकाळपर्यंतचं डिझेल त्यात होतं. घाटात सहा तास उभं राहायचं, हे त्या हिशेबात नव्हतं. चूक माझ्याकडचीही होती. गेटपास देताना मी डिझेलची पातळी विचारली नव्हती.

पुढचे दोन तास मला अजून जसेच्या तसे आठवतात. इगतपुरीकडच्या एका ढाब्याचा नंबर आमच्या वहीत होता. त्यांच्या पोरानं मोटारसायकलवर दोन कॅन बांधले आणि उभ्या ट्रकांच्या फटीतून वाट काढत तो निघाला. काका केबिन आणि कंटेनरच्या मधल्या फटीत चढले होते. तोंडात टॉर्च, हातात पाना. मी स्पीकरवर ऐकत होते. नट सैल केल्याचा आवाज, हँडपंपाचा टकटक, मग डिझेल फसफसून बाहेर आलं की ते म्हणायचे, "अजून फेस येतोय." परत टकटक. मागे कुणाचा तरी हॉर्न, कुणीतरी चहा विचारतंय. तेवढ्या वेळात कंटेनर आतून किती चढला असेल ते कळायला मार्ग नव्हता. मी प्रीकूलिंगच्या खोलीत जाऊन थर्मामीटरकडे उगाच बघून आले. तिथे सगळं ठीक होतं.

पावणेचारला मशीन लागलं. "किती दाखवतंय काका?"

"थांबा. दोन पॉइंट एक."

लांबून ऐकणाऱ्याला दोन अंश म्हणजे काहीच वाटणार नाही. फ्रीजमध्ये आपण भाजी त्याहून गरम ठेवतो. पण थंड मण्यावर गरम हवा आली की त्याला घाम सुटतो. पेटीत ओल होते. सल्फरच्या पॅडला ओल लागली की तो गरजेपेक्षा जास्त गॅस सोडतो आणि देठाजवळ मणी पांढरा पडतो. आज काही दिसत नाही, वासही येत नाही. पाच-सहा आठवड्यांनी पेटी उघडली की दिसतं.

साडेपाच-पावणेसहाला क्रेननं ट्रेलर बाजूला घेतला आणि गाड्या सुटल्या. मला वाटलं, नऊ चुकले तरी थोड्या उशिरानं जमेल. जमलं नाही. गाडी भिवंडीला पोचेपर्यंत ठाण्याच्या हद्दीत अवजड वाहनांना बंदीची वेळ सुरू झाली होती. परत रांग. घाटातले सहा तास बंदरापर्यंत जाताना सहाच राहत नाहीत. एका ठिकाणी चुकलेली वेळ पुढच्या प्रत्येक ठिकाणी चुकते आणि प्रत्येक जण आपापला वाटा कापून घेतो. मी सीएचएच्या, म्हणजे बंदरावरची कस्टमची कामं बघणाऱ्या एजंटच्या, पोराला आठ वाजल्यापासून फोन करत होते. त्यानं शिपिंग लाइनच्या ऑफिसला उशिरा गेट-इन मिळेल का म्हणून अर्ज केला. उत्तर आलं, बोट भरलेली आहे, जागा दुसऱ्याला दिली. दुपारी पावणेदोनला आमचा कंटेनर बंदराच्या बाहेर पोचला. बोट अजून धक्क्यालाच उभी होती, पण आमच्यासाठी दार बंद झालं होतं.

पुढची बोट सात दिवसांनी.

सात दिवस कंटेनर यार्डात प्लगवर उभा राहिला, त्याचं भाडं वेगळं. नानांना फोन मीच केला. ते एवढंच म्हणाले, "घाटाला आपण काय करणार गं?" मग थोडं थांबून, "मी एक दिवस उशिरा तोडली असती तरी हीच बोट मिळाली असती ना?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण नानांची बाग आम्ही खरंच एक दिवस आधी तोडायला लावली होती. त्यांनी रिफ्रॅक्टोमीटर लावून साखर बघितली होती, अजून एक दिवस राहू द्या म्हणाले होते. नको, मी सांगितलं होतं. घाटाचा भरवसा नाही, हाताशी वेळ असू द्या.

या धंद्यात बाहेरच्यांना अंतर दिसतं. पिंपळगाव ते न्हावा शेवा दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. गाडीला सात-आठ तास लागतात, एवढं तर सगळेच धरून चालतात. आम्हाला खातो तो भरवशाचा अभाव. गाडी सात तासांत जाईल की सतरा तासांत, हे माहीत नसलं की तुम्ही सतराच धरता. मग हार्वेस्टिंग आधी, म्हणजे साखर कमी. प्रीकूलिंगला घाई. एकेका बागेतून थोडा थोडा माल गोळा करत बसायला वेळ नाही, मग दीड-दोन एकरवाला मागे पडतो आणि मोठ्या प्लॉटवाल्याचीच गाडी आधी भरते. ट्रेलरवाल्याची आठवड्यात तिसरी फेरी होत नाही, तो दोन फेऱ्यांत आठवड्याचा हप्ता काढतो आणि भाडं तसं लावतो. टोळीला एक दिवस पहाटे बोलावून दुपारपर्यंत बसवून ठेवावं लागतं, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत थांबवावं लागतं. घाटातली अडचण अशी चालत चालत बागेत येते, आणि रस्त्याच्या कुठल्याच खर्चाच्या हिशेबात ती लिहिलेली नसते.

मालाचं काय झालं ते थोडक्यात सांगते. रॉटरडॅमला पेट्या उघडल्या. खरेदीदाराच्या क्वालिटी रिपोर्टला फोटो जोडलेले होते. देठ तपकिरी, काही पनेटमध्ये मणीगळ, आणि देठाजवळ पांढरे पडलेले मणी. एका फोटोत पेटीवरच्या स्टिकरवर नानांच्या प्लॉटचा नंबर स्वच्छ वाचता येत होता. सुपरमार्केटचा तो आठवडा आधीच दुसऱ्या मालानं भरून निघाला होता, त्यामुळे आमचा माल होलसेल बाजारात गेला. पाचही बागांना किलोमागे जे पडले ते लोकल व्यापाऱ्यानं बांधावर दिले असते त्याच्या आसपास. पाच महिन्यांची जास्तीची मेहनत आणि तपासण्यांचा खर्च त्यात कुठेच दिसत नव्हता.

युरोपच्या बाजारात आपल्याला मिळतात ते आठवडे मोजके. जानेवारी ते एप्रिल. सुरुवातीला दक्षिण आफ्रिका, पेरू देश आणि चिलीचा माल तिथे असतो, मे लागला की इजिप्त येतो. त्या फटीत जो वेळेवर पोचेल त्याचा माल विकला जातो. आमची द्राक्षं कुणापेक्षा कमी नाहीत, हे मी चौदा वर्षं पेट्या बघून सांगते. कमी पडतो ते बाग आणि बोट यांच्या मधल्या पट्ट्यात. आणि हे आपल्यापुरतंच नाही. जागतिक बँकेनं कंटेनर बंदरांच्या कामगिरीची 2023 सालची यादी काढली, त्यात 405 बंदरांमध्ये केपटाऊन सगळ्यात शेवटी होतं. केपटाऊनच्या मागच्या खोऱ्यांत जगातली उत्तम द्राक्षं पिकतात, पण बंदरावर वारा सुटला की क्रेन बंद आणि जुनी यंत्रं नादुरुस्त, असे तिथल्या बागायतदारांचे हाल. उलट पेरूनं लिमाच्या उत्तरेला चांकायला मोठं बंदर बांधलं. चिनी गुंतवणुकीतून उभं राहिलेलं ते बंदर नोव्हेंबर 2024 मध्ये सुरू झालं आणि चीनला जाणाऱ्या बोटीचे दहा-बारा दिवस वाचले. तिथल्या द्राक्षवाल्याला त्या दहा दिवसांसाठी बागेत काहीच वेगळं करावं लागलं नाही. आपल्याकडचंच उदाहरण बघायचं तर नाशिकच्या द्राक्षाला युरोपचं दार मोठं झालं ते 1989 साली न्हावा शेव्याला बंदर सुरू झालं त्यानंतर.

आणि थळ घाट, म्हणजे हाच कसारा घाट, हा काही आजचा अडसर नाही. 1865 साली इंग्रजांनी रेल्वे चढवली तेव्हा 37 फुटांना एक फूट अशी चढण निघाली. आजही मालगाडीला मागून बँकर इंजिनं लावल्याशिवाय ती वर येत नाही. दख्खनचा माल समुद्राला न्यायचा तर ही भिंत उतरावीच लागते. नाशिकची द्राक्षं असोत, लासलगावचा कांदा असो की जालन्याची सळई.

त्या रात्री समृद्धी महामार्ग नागपूरहून इगतपुरीपर्यंत येऊन थांबलेला होता. वरून वेगानं आलेल्या गाड्याही त्याच जुन्या घाटाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहत होत्या. शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, 5 जून 2025 ला खुला झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. तोपर्यंत आमचा हंगाम संपला होता, त्यामुळे आमच्या गाड्या त्यावरून गेल्या त्या यंदाच्या हंगामात.

यंदाच्या पहिल्या कंटेनरबरोबर मी स्वतः गेले. सीएचएकडे काम होतं, ते बसनं जाऊनही झालं असतं. पण मीच काकांना म्हटलं, मला बरोबर घ्या. पिंपरी सदोला आम्ही समृद्धीवर चढलो आणि थोड्याच वेळात बोगदा आला. जवळजवळ आठ किलोमीटरचा, जाणारा वेगळा, येणारा वेगळा. आत पांढरा उजेड, तीन लेनचा सरळ रस्ता. काकांनी काच वर केली तरी आमच्याच इंजिनाचा आवाज भिंतीवरून परत येत होता. मी मोबाइलवर वेळ लावून बसले होते. काका दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून एक शब्द बोलत नव्हते. मधेच वर बोट दाखवून म्हणाले, "आपली ती गाडी कुठंतरी इथंच डोक्यावर उभी होती." बाहेर उजेडात आलो तेव्हा आठ मिनिटांच्या आतबाहेर काहीतरी झालं होतं. घाट संपला होता. मी रिफरच्या, म्हणजे थंड कंटेनरच्या, डिस्प्लेचा फोटो काढायला सांगितला तर काका हसले. उणे शून्य पॉइंट पाच, जसाच्या तसा.

सगळं सुटलं असं मात्र नाही, आणि ते सांगितलं पाहिजे. आमण्याला खाली उतरलो आणि तासाभरात भिवंडीच्या बाजूला परत रांगेत उभे राहिलो. वडपे ते ठाणे रस्त्याचं रुंदीकरण वर्षानुवर्षं चाललंय. वरून ताशी 80 नं आलेला ट्रक तिथे पहिल्या गिअरमध्ये सरकतो. रस्ता त्याच्या सगळ्यात अरुंद जागेइतकाच रुंद, हे मला त्या रांगेत बसून पुरतं कळलं. 55 हजार कोटींच्या पुढे खर्च करून आपण भिंत फोडली, आता भिंतीच्या पायथ्याशी अडकून पडलो तर त्या पैशाचा अर्धा फायदा तिथेच सांडतो. निफाडच्या साखर कारखान्याच्या जागेवर ड्रायपोर्ट होणार, सील-कस्टम सगळं इथेच होऊन माल रेल्वेनं थेट बंदरात जाणार, हे मी कित्येक वर्षं ऐकतेय. ते झालं तर आमचं निम्मं काम घाटाच्या वरच उरकेल. मला ते माझ्या नोकरीत बघायचं आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. तिकडे जायला नाशिकहून चांगला रस्ता आणि रेल्वे बंदराच्या आधी हवी, नंतर नको.

तरीही त्या दिवशी गाडी साडेसहा तासांत गेटला लागली. त्यानंतरच्या गाड्या मी वहीत मांडत गेले. सगळ्यात वाईट दिवशी नऊ तास. मला साडेसहा तासांपेक्षा हा नऊचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. सतरा धरायची गरज राहिली नाही.

यंदा बागांचे हाल तसे वाईटच होते. गेल्या वर्षी मेमध्ये सुरू झालेला पाऊस दिवाळीपर्यंत थांबायचं नाव घेत नव्हता. कितीतरी वेलींवर घडच निघाले नाहीत. रस्ता पावसाचं काही करू शकत नाही. नानांच्या साडेतीन एकरांत यंदा निम्मा माल होता आणि म्हणूनच त्यातला एकेक घड मोलाचा होता.

फेब्रुवारीच्या शेवटी मी त्यांच्या बागेत गेले. बोट शनिवारची होती. नाना मांडवाखाली वाकून चालत होते, मधेच एखादा मणी तोडून रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पिळत होते आणि उजेडाकडे धरून बघत होते. मी वहीत गाड्यांच्या वेळा बघितल्या, गुरुवारी सकाळी तोडलं तरी चालतं का ते पुन्हा एकदा मोजलं.

"नाना, बुधवारी नको. गुरुवारी पहाटे टोळी बोलवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "घाटाचं काय?"

"काही नाही होत."

त्यांनी काच रुमालानं पुसली, यंत्र डब्यात ठेवलं आणि डबा खिशात घातला. मग टोळीच्या मुकादमाला फोन लावला आणि म्हणाले, "उद्याचं राहू दे रे. परवा या."